पिकाचे मूळ आणि पेशीतील दप्तर

मुंबईच्या उपनगरात अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी-विहार रस्ता जेथे मिळतात तेथे साकीनाका वसलेला आहे. लहानमोठे कारखाने, गाळे, चाळी आणि अहोरात्र चाललेली रहदारी हे या भागाचे आजचे रूप होय. येथे शेत नाही आणि औतही नाही. तथापि शेतीशास्त्रातील एक मोठी गोष्ट साकीनाक्याच्या कोणत्याही बिऱ्हाडात, खिडकीच्या कट्ट्यावर पाहावयास मिळू शकते. बाजारातून आणलेला एक कांदा पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर असा ठेवावा की, त्याचा केवळ तळ पाण्याला टेकेल. थोड्याच दिवसांत त्या तळातून पांढरीशुभ्र मुळे बाहेर पडतात आणि पाहता पाहता पेल्याच्या बुडापर्यंत पोहोचतात.

या कांद्याला माती मिळाली नाही, खत मिळाले नाही. पाणी टेकले एवढाच निरोप त्याला पोहोचला आणि चाळीत किंवा दुकानात पडून असताना जे काम थांबलेले होते ते सुरू झाले. मुळे कशी घडवावी याची माहिती कांद्याजवळ आधीपासूनच होती. मात्र ती मिटलेली होती. ती मिटलेली कशी राहते आणि वेळ येताच उघडते कशी, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेतील वाटतो. वास्तविक तो शेतकऱ्याच्या अगदी जवळचा आहे.

पावसाने पंधरा-वीस दिवस उघडीप दिली म्हणजे त्याची प्रचीती येते. एकाच गावात, एकाच जातीचे बी एकाच आठवड्यात पेरलेली दोन शेते शेजारी शेजारी असतात. एका शेतातील पीक दुपारी माना टाकते. दुसरे तग धरून राहते. बी एक, पाऊस एक, जमीनही पुष्कळदा एकाच पोताची. फरक असतो तो दृष्टीआड, जमिनीखाली. एका पिकाची मुळे वरच्या चार बोटांच्या थरातच पसरलेली असतात, तर दुसऱ्याची खाली ओलीपर्यंत उतरलेली असतात. हा फरक उघडीप पडते त्या दिवशी निर्माण होत नाही. उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो पडलेला असतो आणि तेव्हा वर पाहणाऱ्याला दोन्ही शेते सारखीच हिरवी दिसत असतात.

मुळाचे टोक : एक लहानसा कारखाना

मूळ सगळ्या लांबीत वाढत नाही; ते टोकाशी वाढते. टोकावर अंगुस्तानासारखी एक टोपी असते. शिंप्याच्या बोटाला अंगुस्तान जसे सुईपासून वाचविते, तशी ही टोपी कोवळ्या टोकाला मातीच्या खरखरीत कणांपासून वाचविते. तिच्या पाठीशी सतत विभागणाऱ्या पेशींचा प्रदेश असतो. तेथे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा नव्या पेशी निर्माण होतात. त्याच्या वर त्या पेशी लांब होतात आणि त्यांच्या लांबण्यामुळेच टोक जमिनीत पुढे ढकलले जाते. त्याही वर ज्या भागाची लांबी वाढणे थांबलेले आहे, तेथे सालीतील काही पेशींना बारीक केस फुटतात. त्यांना मूलरोम म्हणतात. पाणी आणि अन्नद्रव्ये यांचा मोठा हिस्सा पिकाला या केसांच्या द्वारे मिळतो. आणखी वरच्या भागात आतल्या पेशींतून उपमुळे फुटतात.

येथे एक विचार मनात येतो. टोपीची पेशी, केसाची पेशी, पाणी वाहून नेणारी पेशी या साऱ्या एकाच मूळ पेशीच्या विभागणीतून जन्मलेल्या असतात. प्रत्येकीच्या केंद्रकात तीच गुणसूत्रे आणि तीच जनुके असतात. मग एकीला केस का फुटावा आणि तिच्या शेजारणीला का फुटू नये? ग्रंथ एकच असताना प्रत्येक पेशी त्यातील निराळे पान कसे वाचते?

रुमालात बांधलेले दप्तर

इ. स. १८८० च्या सुमारास वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केंद्रकातील एक द्रव्य रंग चांगला धरते असे त्यास आढळून आले. रंग धरणारे म्हणून त्याने त्या द्रव्यास क्रोमॅटिन हे नाव दिले. हे क्रोमॅटिन दोन वस्तूंचे बनलेले असते. एक, ज्यावर आनुवंशिक माहिती लिहिलेली असते तो डीएनएचा धागा. आणि दुसरी, तो धागा ज्यांच्यावर गुंडाळला जातो ती प्रथिने. यांपैकी मुख्य प्रथिनांना हिस्टोन म्हणतात.

हा धागा गुंडाळण्याची गरज का पडते, हे कांद्याच्याच उदाहरणावरून समजते. कांद्याच्या मुळाच्या एका साध्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. त्या सर्वांतील डीएनएचा धागा सरळ करून टोकाला टोक जोडला, तर त्याची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे जवळजवळ चोवीस हात भरेल. आणि हा चोवीस हात धागा ज्या केंद्रकात ठेवावयाचा, त्याची रुंदी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. साहजिकच धागा नीट गुंडाळून ठेवणे भाग पडते. आठ हिस्टोन प्रथिनांची एक लहान रीळ बनते. तिच्याभोवती धाग्याचे पावणेदोनाच्या आत वेढे बसतात. मग थोडा मोकळा धागा आणि पुन्हा रीळ, अशी ही माळ असते. रिळांची ही रचना १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग या शास्त्रज्ञाने मांडली.

तथापि गुंडाळणे हे केवळ जागा वाचविण्यासाठी नाही, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या कचेरीतील दप्तर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ती चटकन समजेल. पूर्वी कागदपत्रे कापडी रुमालात बांधून फळीवर रचून ठेवीत. रुमालाची गाठ सैल असेल तर कारकुनाला हवा तो कागद काढून वाचता येई. गाठ आवळून रुमाल तळाशी टाकला असेल, तर कागद असूनही नसल्यासारखा. कागदावरील अक्षर दोन्ही वेळी तेच. वाचता येणे अथवा न येणे हे मात्र बांधणीवर अवलंबून. पेशीतही असेच घडते. क्रोमॅटिन जेथे सैल असते तेथील जनुके वाचली जातात व कामास लागतात. जेथे ते आवळलेले असते तेथील जनुके गप्प राहतात.

गाठ सैल करणे वा आवळणे यासाठी पेशीत खास प्रथिने असतात. ती हिस्टोनच्या बाहेर आलेल्या शेपटांवर लहान लहान रासायनिक खुणा करतात. काही खुणांचा अर्थ ‘उघडा’ असा होतो, काहींचा ‘मिटून ठेवा’ असा. या खुणा पुसताही येतात. म्हणूनच वनस्पतीला आपले दप्तर परिस्थिती पाहून पुन्हा लावता येते.

ही बांधणी बिघडली तर काय होते, तेही पाहिले गेले आहे. नव्या धाग्यावर रिळा बसविण्याचे काम करणारी प्रथिने ज्या रोपट्यांत सदोष आहेत, अशा रोपट्यांचा अभ्यास जपानी शास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मुळांच्या टोकाशी पेशींची शिस्तबद्ध मांडणी विस्कटलेली आढळली. बांधणी विस्कटली की मुळाची घडणही विस्कटते, हे यावरून स्पष्ट झाले.

जागा पाहून निर्णय

मूलरोम कोणत्या पेशीला फुटावा याचा उलगडा मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहान रोपट्यावर झाला. हे रोपटे पिकाच्या उपयोगाचे नाही. परंतु त्याची वाढ लवकर होते व त्याची संपूर्ण जनुकावली २००० सालापासून ज्ञात आहे. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम त्यावर प्रयोग करतात. त्याच्या मुळाच्या सालीतील ज्या पेशी खालच्या थरातील दोन पेशींच्या सांध्यावर बसलेल्या असतात, त्यांना केस फुटतात. ज्या पेशी खालच्या एकाच पेशीवर टेकलेल्या असतात, त्यांना फुटत नाहीत.

इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रातील सिल्व्हिया कोस्टा व पीटर शॉ यांनी २००६ साली या पेशींची केंद्रके बारकाईने तपासली. केस फुटू न देणारे एक जनुक आहे. बिनकेसाच्या पेशीत त्या जनुकाभोवतीचे क्रोमॅटिन सैल, म्हणजे उघडलेले आढळले. केसाच्या पेशीत ते आवळलेले आढळले. याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. क्वचित एखादी पेशी अशी विभागते की, तिच्यापासून झालेली एक पेशी आपल्या रांगेतून सरकून दुसऱ्या प्रकारच्या जागेवर जाऊन बसते. अशा पेशीने जुन्या जागेची बांधणी कायम ठेवली नाही. नव्या जागेला शोभेल अशी बांधणी तिने पुन्हा केली. मुळाची पेशी आपण कोणाच्या पोटी जन्मलो एवढेच पाहत नाही, आपण कोठे आहोत हेही पाहते आणि त्याप्रमाणे दप्तरातील रुमाल सोडते वा बांधते.

स्फुरदाची टंचाई आणि मुळाचे उत्तर

नत्र पाण्याबरोबर जमिनीत दूरवर जाते. स्फुरदाचे तसे नाही. ते मातीच्या कणांना धरून बसते आणि जेथे पडले तेथून फार थोडे सरकते. त्यामुळे स्फुरदाला मुळाकडे येता येत नाही. मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. केसांची दाट लव असलेले मूळ अधिक माती चाचपते व अधिक स्फुरद मिळविते.

स्फुरद कमी पडले की अरॅबिडॉप्सिसचे मुख्य मूळ आखूड राहते आणि केसांची संख्या व लांबी वाढते. या बदलामागे पुष्कळ जनुके आहेत. त्यांपैकी कित्येकांवर रिळेत बसणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या हिस्टोनचा ताबा असतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा हिस्टोन जागेवर बसविण्याची सोय ज्या रोपट्यांत बिघडलेली होती, ती रोपटी भरपूर स्फुरद असतानाही उपाशी असल्यासारखी वागली. त्यांचे मुख्य मूळ आखूड राहिले व केस वाढले. भूक लागल्यावर उघडावयाचा रुमाल भूक नसतानाच सुटलेला होता, असे म्हटले तरी चालेल.

पेरणीच्या वेळी स्फुरदयुक्त खत बियाच्या खाली व बाजूला, ओलीत पाडावे, फोकून देऊ नये, ही शिफारस शेतकऱ्यांना जुनीच आहे. दोन चाड्यांच्या पाभरीचा उपयोग त्यासाठीच आहे. कोवळ्या मुळाच्या थोड्याशा केसांना पहिल्या आठवड्यात जेवढी माती गाठता येते, तेवढ्याच मातीत स्फुरद असले पाहिजे, हे त्यामागील कारण होय.

संजीवक आणि गाठ

डाळिंबाच्या बागा असलेल्या भागांत गुटी बांधण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. फांदीची साल वर्तुळाकार काढून तेथे इंडोल ब्युटिरिक आम्ल हे संजीवक लावतात आणि ओले मॉस गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधतात. काही आठवड्यांत, जेथे एरवी मूळ फुटले नसते अशा जागी, मुळे फुटतात. हे संजीवक ऑक्झिन या वर्गातील आहे. वनस्पती स्वतःही ऑक्झिन तयार करते आणि उपमुळांची सुरुवात त्याच्याच साठवणीने होते.

ऑक्झिन हे काम कसे करते, हे आता बरेचसे स्पष्ट झाले आहे. ऑक्झिन कमी असताना काही प्रथिने वाढीच्या जनुकांवर पहारा देत बसतात. ही पहारेकरी प्रथिने ‘उघडा’ अशी खूण पुसून टाकणाऱ्या प्रथिनांना तेथे खेचून घेतात. त्यामुळे क्रोमॅटिन आवळलेले राहते. ऑक्झिन पुरेसे जमले म्हणजे पेशीतील एक ग्राहक प्रथिन त्यास धरते आणि पहारेकऱ्यांना मोडीत काढण्याची व्यवस्था करते. हे ग्राहक प्रथिन २००५ साली ओळखले गेले. पहारा उठला की गाठ सैल होते आणि मूळ घडविणारी जनुके कामास लागतात. गुटी बांधणारा माळी पेशीच्या दप्तरातील एक गाठ सोडण्यास मदत करीत असतो. मात्र सोबत ओल, हवा आणि फांदीतील अन्नसाठा असल्याशिवाय ती गाठ सुटूनही उपयोग होत नाही. अधिक संजीवक लावल्याने अधिक मुळे येतात असेही नाही. जास्त मात्रेने इजाच होते.

पुण्यातील बटाट्यावरील संशोधन

हा विषय परदेशापुरता मर्यादित नाही. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत प्रा. अंजन बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्यावर या दिशेने काम केले आहे. बटाटा जमिनीत पोसला जात असला तरी तो मूळ नव्हे. जमिनीखालील खोडाच्या फांदीचे टोक फुगून तो होतो. तथापि जमिनीखाली काय घडावे हे पेशीतील दप्तर कसे ठरविते, याचे हे आपल्या राज्यातील उत्तम उदाहरण आहे.

दिवस लहान झाले की बटाट्याच्या पानांतून जमिनीखालील फांद्यांकडे ‘आता पोसा’ असा निरोप जातो. पुण्याच्या संशोधकांनी अभ्यासिलेल्या बटाट्याच्या प्रकारात ही सवय विशेष ठळक आहे. जनुके मिटून ठेवणाऱ्या प्रथिनांचा एक गट आहे. त्यातील काही प्रथिनांचे प्रमाण त्यांनी प्रयोगशाळेतील रोपांत बदलून पाहिले. तेव्हा लहान दिवसांत बटाटे जमिनीखालीच न लागता खोडावर, पानांच्या बेचक्यांतही लागले. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२१ साली त्यांनी याच गटातील आणखी एका प्रथिनाविषयी माहिती दिली. हे प्रथिन ‘मिटून ठेवा’ अशी खूण करणाऱ्या जातीचे आहे. त्याचे प्रमाण वाढविलेल्या रोपांचे उत्पन्न घटले. प्रमाण कमी केलेल्या रोपांचे वाढले. तसेच बटाटा पोसण्याचा निरोप देणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकावर मोठ्या दिवसांत ही मिटण्याची खूण अधिक आढळली आणि लहान दिवसांत कमी आढळली.

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात आणि इतरत्र रब्बीत बटाटा घेणाऱ्या शेतकऱ्याला हंगाम बदलला की पोसवणीची चाल बदलते, हे अनुभवाने ठाऊक आहे. दिवसाची लांबी पानाला कळते आणि ती खबर दप्तराच्या गाठीपर्यंत पोहोचते, हे त्या अनुभवामागील एक सूत्र या संशोधनाने हाती दिले. मात्र ही रोपे प्रयोगासाठी तयार केलेली होती. त्यांचे बेणे बाजारात मिळत नाही, हे शेतकऱ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

अक्षर बदलणे आणि बांधणी बदलणे

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. साकीनाक्याप्रमाणेच मुंबईच्या पूर्व भागात असलेल्या तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी किरणांच्या साहाय्याने घडवून आणलेल्या उत्परिवर्तनांचा उपयोग करून भुईमुगाच्या अनेक जाती तयार केल्या. १९९१ साली प्रसारित झालेली टीएजी-२४ ही त्यांपैकी सुप्रसिद्ध जात होय. या कामात डीएनएवरील अक्षरच बदललेले असते. म्हणून तो गुण बियातून पुढील पिढ्यांत कायम उतरतो.

क्रोमॅटिनच्या बांधणीत अक्षर तेच राहते. फक्त वाचन बदलते. यातील बहुतेक खुणा परिस्थितीबरोबर बदलतात. काही खुणा वनस्पतींत पुढील पिढीतही उतरतात, असे आढळले आहे; परंतु एका हंगामात पाण्याचा ताण सोसलेल्या पिकाचे बी पुढच्या हंगामात ताण सोसणारे निघेल, असा हिशेब त्यावरून बांधता येत नाही. चांगल्या जातीचे, खात्रीचे बी निवडणे हे काम म्हणून पहिलेच राहते. जात म्हणजे ग्रंथ. जमीन, ओल, खत आणि वेळ यांवरून त्यातील कोणते पान उघडेल ते ठरते. ग्रंथात जे पान नाही ते कोणत्याही मशागतीने उघडणार नाही. तसेच ग्रंथ चांगला असूनही वाचण्याजोगी परिस्थिती नसेल, तर पैसा खर्चून आणलेले बी वाया जाते.

शेतावर काय करावे

शेतकऱ्याने क्रोमॅटिनचा विचार करून नांगर धरावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहिल्या काही आठवड्यांत मूळ आपल्या भोवतालची परिस्थिती वाचीत असते आणि त्याप्रमाणे आपली घडण ठरवीत असते, एवढी गोष्ट मनात पक्की बसली तर नेहमीच्या कामांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पेरणी वाफशावर करावी. मातीत ओल असते आणि कणांमधील पोकळीत हवाही असते, तीच वाफशाची स्थिती होय. पाणी साचलेल्या रानात कोवळ्या मुळाला हवा मिळत नाही. भाताची गोष्ट निराळी. त्याच्या मुळात हवा नेणाऱ्या पोकळ्या तयार होतात. इतर पिकांना उभ्या पाण्यात तशी सोय फारशी नसते. म्हणून भारी जमिनीत पाण्याचा निचरा हे मुळाचे पहिले खत समजावे.

दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केल्याने खाली जो कठीण थर तयार होतो, तो फोडावा. टोकावरील टोपी कितीही चिवट असली तरी दगडासारख्या थरातून मूळ खाली उतरत नाही. ते आडवे पसरते आणि उघडीप पडली की पीक प्रथम तेथेच कोलमडते.

बागाईत पिकांना सुरुवातीस वरचेवर थोडे थोडे पाणी दिल्यास ओल वरच्याच थरात राहते व मुळेही तेथेच राहतात. लावणीनंतर आंबवणी-चिंबवणी वेळेवर द्यावी. रोपे जीव धरू लागली म्हणजे जमिनीचा मगदूर पाहून पाण्याच्या पाळ्यांत योग्य अंतर ठेवावे.

भाताची, मिरचीची वा कांद्याची रोपे काढण्यापूर्वी वाफ्याला पाणी द्यावे. कोरड्या वाफ्यातून ओढून काढलेल्या रोपाचे केस व कोवळी टोके मातीतच राहतात. अशा रोपाला नवी मुळे फुटेपर्यंत नुसते उभे राहावे लागते. काढलेली रोपे शक्य तो त्याच दिवशी लावावीत.

‘जनुके उघडणाऱ्या’ बाटलीपासून सावध

नवे शास्त्र गावात येते तेव्हा त्याच्या आगेमागे व्यापारही येतो. पेशीतील मिटलेली जनुके उघडून मुळे दुप्पट करणारे औषध म्हणून एखादी बाटली कोणी बांधावर आणली, तर शेतकऱ्याने घाई करू नये. क्रोमॅटिनच्या खुणा हजारो जनुकांवर असतात. हवी तीच गाठ, हव्या त्याच पेशीत, हव्या त्या वेळी सोडणारे फवारणीचे औषध शेतीला अद्याप लाभलेले नाही. स्फुरदाच्या उदाहरणात दिसले त्याप्रमाणे, भलत्या वेळी सुटलेली गाठ मुळाला आखूडही करू शकते.

जैव-उत्तेजकांचा समावेश २०२१ साली खत नियंत्रण आदेशात करण्यात आला आहे. म्हणून अशा मालाच्या वेष्टनावर त्यातील घटकांचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही ते पाहावे, पक्की पावती मागावी, आणि शंका आल्यास कृषी खात्याच्या अधिकाऱ्यास किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास विचारावे. तरीही वापरून पाहावयाचे असेल, तर सर्व शेतात न वापरता दोन-चार सऱ्यांत वापरावे आणि शेजारच्या सऱ्या तशाच ठेवाव्यात. हंगामअखेर दोहोंतील फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. अंगठाबहाद्दर शेतकऱ्यालाही करता येईल असा हा प्रयोग आहे, आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो अधिक खरे बोलतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी दोन प्रात्यक्षिके

पहिले प्रात्यक्षिक शाळेत किंवा चावडीवर करता येते. एका बशीत ओला टीपकागद घालून त्यावर मोहरीचे दाणे पसरावेत व वर दुसरी बशी पालथी घालावी. दुसऱ्या भांड्यात तेच दाणे पाण्यात बुडवून ठेवावेत. तीन-चार दिवसांनी दोन्ही पाहावेत. ओल्या कागदावरील मुळांवर मखमलीसारखी पांढरी लव दिसेल. पुष्कळ लोक तिला बुरशी समजतात. ते मूलरोम होत. पाण्यात बुडालेल्या दाण्यांवर अशी लव क्वचितच दिसेल. काही दाणे नीट रुजलेलेही नसतील. बी एकच; भोवताल निराळा म्हणून मूळ निराळे, ही गोष्ट भाषणापेक्षा या दोन भांड्यांवरून लवकर पटते.

दुसरे प्रात्यक्षिक शेतावरचे आहे. पीक वीस-पंचवीस दिवसांचे झाले म्हणजे निरनिराळ्या शेतांतून दोन-दोन रोपे कुदळीने मातीच्या ढेकळासह काढावीत. ओढून काढू नयेत. ओढल्यास जे पाहावयाचे तेच तुटून जाते. ढेकूळ बादलीतील पाण्यात तासभर भिजत ठेवावे आणि माती हलकेच धुऊन टाकावी. मग ती रोपे पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी मांडावीत. कोणाचे मूळ कोठे वळले, कोठे अडले, कोठे उपमुळे दाट फुटली, हे शेतकऱ्यांना स्वतः सांगू द्यावे. कोणत्या शेतात पाणी साचले होते, कोणी खत कोठे टाकले होते, याची आठवण त्यांनाच असते. कारण व परिणाम यांची सांगड ते आपण होऊन घालतील. खतासाठी उसनवारी करून पेरणी करणाऱ्या घराला हा हिशेब हंगामाच्या आरंभी कळला तर अजून काही हालचाल करता येते. उघडीप पडल्यावर कळला तर केवळ हळहळ उरते.

साकीनाक्याच्या खिडकीतील कांद्याच्या पेल्यात एव्हाना मुळे बुडाला टेकली असतील. त्या प्रत्येक मुळाच्या टोकाशी, प्रत्येक पेशीत, चोवीस हात लांबीचे दप्तर नीट बांधून ठेवलेले आहे आणि पाणी टेकल्याची खबर पोहोचताच त्यातील हवे तेवढे रुमाल सुटले आहेत. शेतात पेरलेल्या दाण्याजवळही असेच दप्तर असते. ते सोडणारे हात त्याचे स्वतःचेच आहेत. शेतकऱ्याला ते हाताळावे लागत नाही. त्याने सांभाळावयाची ती एवढीच गोष्ट की, पहिल्या काही आठवड्यांत जमिनीतून मुळाकडे जाणारी खबर ओलीची, हवेची आणि अन्नाची असावी.